आदल्या दिवशीची ऊब

उंदरांच्या खोलीचा वास अंगाला चिकटतो, हे लोकांना खरं वाटत नाही. साबण बदला, ओढणी बदला, घरी येऊन पुन्हा आंघोळ करा, तो नाकात ठाण मांडून बसलेला असतो. ओला भुसा, मूत आणि जंतुनाशक. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते आणि पीएचडीसाठी तिथल्याच त्या खोलीत मी पाच वर्षं काढली. उंदरांची किळस पहिल्या महिन्यातच गेली. माणसांची यायला लागली ती बरीच नंतर, आणि त्या माणसांत पहिला नंबर माझा स्वतःचा आहे.

माझा विषय होता लकवा. आमच्याकडं ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो. वाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. मेंदूकडं जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा भाग उपाशी पडतो. त्या उपासमारीत रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींचा हात सोडतात, फटी पडतात, रक्तातलं पाणी मेंदूत झिरपतं आणि मेंदू सुजतो. पण पेशी काही गप्प मरत नाहीत. उष्णता वाढली, प्राणवायू कमी पडला की त्या एक खास प्रकारची प्रथिनं तयार करतात. ताणाची प्रथिनं म्हणा. बाकीची प्रथिनं विस्कटायला लागली की ही त्यांना धरून ठेवतात, भिंत तगवतात. आता हीच प्रथिनं पेशीच्या आत असली तर राखण करतात आणि पेशी फुटून बाहेर सांडली तर उलट सूज वाढवतात, असंही आहे. सरळ असं शरीरात काहीच नसतं.

आम्ही उंदराला गुंगी देऊन थोडा वेळ गरम पेटीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी गळ्यातल्या नसेतून बारीक दोरा सरकवून मेंदूचं रक्त अडवायचं, मग सोडायचं. शेवटी रक्तात निळा रंग टोचायचा आणि मेंदूचे काप काढायचे. जिथं भिंत फुटली तिथं निळं. आदल्या दिवशी ऊब मिळालेल्या उंदरांच्या पेशींत ती प्रथिनं आधीच तयार होऊन बसलेली असायची, म्हणून त्यांच्या मेंदूत निळं कमी दिसायचं. ज्यांना लकव्यानंतर ऊब दिली, त्यांचे काप शाईत बुडवल्यासारखे निघायचे. ह्यात माझा काही शोध नव्हता. लकव्यानंतर अंग तापणं वाईट, हे पुस्तकातच छापलेलं आहे. ते निळे काप मी या हातांनी कापलेत, या डोळ्यांनी बघितलेत. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको.

गेल्या मे महिन्यात माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वळसंगला त्यांच्या बहिणीकडं गेले होते. विहिरीतला गाळ काढायचा होता. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमची आई गेल्यावर तिनंच येऊन जाऊन आमचं केलं. दोघं बहीणभाऊ आपसात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. आम्ही भावंडं शाळेत कानडीची लाज वाटून घ्यायचो. कुणी विचारलं तर आम्हाला येत नाही म्हणून सांगायचो, आणि सांगता सांगता खरंच येईनाशी झाली.

अप्पा तिकडं असताना एके दिवशी दुपारी चारला मी उंदरांच्या खोलीतून बाहेर आले, कपाटातून फोन काढला, तर आत्याच्या शेजाऱ्याचे तीन फोन येऊन गेलेले. उलट फोन केला. तो म्हणाला, “तुमचे अप्पा सकाळपास्नं पडून हायती. तोंड वाकडं झालंय. आत्याबाई म्हणत्यात उतरंल, पर मला काय खरं वाटंना.”

सकाळपासून! दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, गाडी काढायला लावली. अक्कलकोट रोडनं वळसंग किती लांब? अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. एवढ्याशा अंतरावर अप्पा आठ तास पडून होते.

त्या खोलीचं दार मी उघडलं आणि माघारी फिरावंसं वाटलं. मे महिन्यातली दुपार, बाहेर कुत्रं सावली सोडत नव्हतं, आणि आत खिडकी बंद, झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या. निलगिरी तेल, ठेचलेला लसूण, घाम आणि धोतरात झालेली लघवी, असा सगळा मिळून एक कोंदट भपकारा. अप्पांवर दोन घोंगड्या. तव्यावर विटा तापवून, फडक्यात गुंडाळून मानेशी, काखेत आणि पायाशी लावलेल्या. डोक्यालासुद्धा लोकरीचं मफलर. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तोंडाच्या खालच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तिच्यावर माशी बसलेली होती. आत्या शेजारी बसून त्यांच्या उजव्या तळव्याला तेल चोळत होती. तिचं लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं.

मला दयामाया काही वाटली नाही. मला शिसारी आली. त्या वासाची, त्या लाळेची, त्या लसणाची, आणि सगळ्यात जास्त त्या म्हातारीच्या शांतपणाची.

“काय चालवलंयस हे?” मी ओरडले. “दवाखान्यात का नाही नेलंस?”

“ऊब द्यायलीय की,” ती म्हणाली. “अगं, तूच...”

“गप्प बस! एक शब्द बोलू नकोस. मारून टाकायचं होतं का त्यांना? कुठल्या जमान्यात राहता गं तुम्ही अडाणी माणसं?”

शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या होत्या, त्यांच्यासमोर बोलले. आत्याचा तेलाचा हात तसाच राहिला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला सरकली. दादानं अप्पांना उचललं. मी विटा लाथेनं लोटल्या, एक फुटली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, “कधी झालं?” सकाळी आठला, आंघोळ करून आल्यावर, असं सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ती वेळ गेली होती. ताप एकशे दोनच्या वर. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला सूज. तो मला सगळं समजावून सांगत होता आणि मी मान हलवत होते, जणू मला काही माहीतच नाही. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण तो बिचारा सोप्या मराठीत मलाच ऐकवत होता.

अप्पा वाचले. उजवा हात गेला, पाय फरफटत का होईना चालायला लागला. पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे कसं, तर आम्ही काही विचारलं की ते “हां हां” म्हणायचे. पाणी हवं का? हां हां. नको का? हां हां. डोळ्यांत मात्र सगळं असायचं आणि ते बघवायचं नाही. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “लहानपणची भाषा कोणती यांची? कधी कधी ती आधी परत येते. घरात कानडी बोलणारं कोण आहे?”

घरात कुणी नव्हतं. जी होती तिला दादानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला बंदी केली होती. दवाखान्यातच, सगळ्या पाहुण्यांसमोर, तो तिला म्हणाला होता, “तुझ्या अडाणीपणापायी माझ्या बापाची वाचा गेली. पुन्हा तोंड दाखवू नकोस.” मी तिथंच होते. मीही मान डोलावली होती. नंतर दोनदा ती एसटीनं आली. दोन्ही वेळा दादानं तिला जिन्यावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तिनं वहिनीकडं शेंगांची चटणी ठेवली आणि गेली. ती चटणी मी जेवताना खाल्लीसुद्धा.

पाहुणे यायचे, शहाळी घेऊन. सोफ्यावर टेकायचे आणि सुरू. “बहिणीनंच घात केला हो.” “खेड्यातल्या बायका, त्यांना काय कळतंय.” “घरात एवढी डॉक्टरीण असताना!” मी मेडिकलची डॉक्टर नाही, उंदरांची आहे, पण हे ऐकायला मला बरं वाटायचं. मी मान खाली घालून, सोसल्यासारखं तोंड करून चहाचे कप उचलायची. आता ते आठवलं की ओकारी येते.

ऑगस्टमध्ये एके दिवशी त्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, ओळखीच्या माणसांचे, घरच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ दाखवा, आवाज ऐकून शब्द जागे होतात. वहिनीच्या फोनमध्ये घरातलं सगळं असतं. तिनं अप्पांसमोर फोन धरला आणि बारशापासून लावत गेली. मी आत भाकरी थापत होते. आणि बाहेरून माझाच आवाज आला.

माझा सत्कार. पीएचडी झाल्यावर वळसंगला भावकीनं केलेला. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आले. पडद्यावर मी शाल पांघरून, श्रीफळ काखोटीला मारून उभी होते आणि लाडात बोलत होते. पहिल्या रांगेत आत्या होती, तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

“सोप्या भाषेत सांगते,” पडद्यावरची मी म्हणत होते. “अंगाला ऊब मिळाली की शरीरात काही प्रथिनं जागी होतात आणि ती मेंदूच्या नसा सांभाळतात. लकव्यात नस फुटू देत नाहीत. आपल्या आया-आज्या शेक द्यायच्या, वारं लागू द्यायच्या नाहीत, आपण त्यांना हसायचो. पण त्यात विज्ञान होतं! मी पाच वर्षं जे प्रयोगशाळेत शोधलं, ते माझ्या आत्याला चुलीपुढं बसून ठाऊक होतं.”

टाळ्या. आत्यानं लाजून पदर ओढला. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं.

आदल्या दिवशी, हे मी म्हटलं नव्हतं. लकवा होण्याच्या आधी, हे म्हटलं नव्हतं. नंतर ऊब दिली तर मेंदू निळाशार होतो, हे तर नाहीच नाही. का नाही म्हटलं? कारण तसं म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या. गावातल्या माणसांना ‘तुमचंच बरोबर होतं’ असं सांगितलं की ती डोक्यावर घेतात, हे मला चांगलं कळत होतं. पाच वर्षं मूत आणि भुशात घालवल्यावर कुणीतरी डोक्यावर घ्यावं असं वाटत होतं. आणि माझ्या आत्यानं, जिला शाळेचं तोंड माहीत नाही, माझा शब्द न् शब्द जपून ठेवला आणि भावाच्या कामी आणला. एरवी तिनं काय केलं असतं, कुणास ठाऊक. कदाचित घाबरून शेजाऱ्याला हाक मारली असती, गाडीत घालून सोलापूरला आणलं असतं.

आत भाकरी करपली. वहिनी माझ्याकडं बघत नव्हती. “मला वाटलं होतं तुम्हाला आठवत असेल,” ती हळूच म्हणाली. म्हणजे तिला आठवत होतं. तीन महिने ती गप्प बसली होती. घरातली सून, ती कशाला मध्ये पडेल?

संध्याकाळी दादा आल्यावर मी तोच व्हिडिओ त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानंच पाहिला. मला वाटलं आता बोलेल, हात उचलेल, निदान शिवी तरी देईल. मी तयार होते.

तो म्हणाला, “असू दे. तू काय मुद्दाम थोडंच सांगितलंस?”

“आणि तिनं मुद्दाम केलं?”

“तिला अक्कल नको? तू भाषणात बोललीस. भाषणात माणूस काहीही बोलतं.”

बघा. आत्याला जिना चढू दिला नाही, आणि मला पाच मिनिटांत माफी. कारण माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. अप्पांचा विमा, गोळ्या, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणं, सगळं मी बघते. शिकलेल्या माणसाची चूक म्हणजे बोलण्याच्या भरातली, आणि अडाणी माणसाची चूक म्हणजे पाप. मला दादाची किळस आली, पण त्याहून जास्त किळस मला कसली आली सांगू? त्याचं ‘असू दे’ ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं त्याची.

“मग मलाही घराबाहेर काढ,” मी म्हणाले. “नाहीतर तिला आत घे. दोन्हीतलं एक कर. आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हा व्हिडिओ दाखवणार आहे.”

“डोकं फिरलंय तुझं.”

“फिरू दे.”

बराच वेळ तो गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन, माझ्याकडं न बघता म्हणाला, “आण जा तिला.”

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं वळसंगला गेले. आत्या अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठायला गेली. गुडघ्यानं साथ दिली नाही, तशीच बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मी अर्धवट बोलले होते, ऊब आधी द्यायची असते, तीही उंदराला, माणसाला नाही. चूक माझी होती, तुझी नव्हती.

ती ऐकत होती. मधेच तिनं ज्वारीतला एक खडा काढून टाकला.

“मला ठाव हाय की,” ती म्हणाली.

“काय ठाव आहे?”

“त्या डागदरनं दवाखान्यात सांगितलं तवाच कळलं, ऊब देऊन बिघाडलं म्हणून. म्या मनात म्हनलं, हे तर आपल्या पोरीनं सांगितलं हुतं.”

“मग दादा एवढं बोलत होता, तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय करू? मला घरात न्हाय घेतलं, तर म्या म्हातारी, काय व्हतंय? लई दिस न्हायत ऱ्हायलं माजं. तुला घेतलं नसतं, तर माज्या भावाला गोळ्या कुनी दिल्या असत्या? तुज्या भावाला त्या वाचता तरी येतात का?”

ती हे काही उपकार केल्यासारखं बोलत नव्हती. पीठ किती उरलंय ते सांगावं तसं सांगत होती. मी रडले नाही. रडायचा हक्क नव्हता मला. उठून तिचं लुगडं, औषधाची बाटली आणि चष्मा पिशवीत भरला, घराला कुलूप लावलं.

घरी पोचलो तेव्हा दादानं दार उघडलं, तिच्या पायाकडं वाकला आणि आत निघून गेला. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं नेहमीसारखी हाक मारली, “तम्मा.” कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

अप्पांचा डावा हात उठला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि तीन महिन्यांत ‘हां हां’ पलीकडं न गेलेल्या त्या तोंडातून, तुटक पण पुरते शब्द बाहेर आले. “याक... बंदिल्ल... नी?”

एवढं कानडी मला अजून येतं. का नाही आलीस तू?

“केलसा इत्तु,” आत्या म्हणाली. काम होतं.

वहिनी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मी पुढं झाले. अप्पांना मराठीतलं किती पोचत होतं कोण जाणे, पण त्यांना हे कळायला हवं होतं, त्यांच्या भाषेत कळायला हवं होतं. आणि सगळ्या गावाला सोप्या भाषेत समजावून सांगणाऱ्या मला, ती एक भाषा येत नव्हती.

“आत्या,” मी म्हणाले, “त्यांना सांग. तू येत नव्हतीस ते आम्ही येऊ देत नव्हतो म्हणून. आणि हे सगळं माझ्या बोलण्यामुळं झालं. असंच्या असं सांग.”

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ती वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. दोनचारच शब्द असतील. अप्पांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि वाकड्या तोंडानं हसले. डाव्या हातानं मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला.

“काय सांगितलंस त्यांना?” मी विचारलं.

“पोरगी मला न्यायला आली हुती म्हनून सांगितलं,” ती म्हणाली, आणि पदरानं त्यांची लाळ पुसायला लागली.